कृष्णा खोऱ्यातील पाणी व जंगल संशोधन (सातारा–सांगली)

सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून माणदेशाच्या माळापर्यंतच्या पट्ट्यात बदलत्या हवामानाचा आणि माणसाच्या वापराचा नद्या, धरणे, भूजल, माती व जंगल यांवर काय परिणाम होतो, हे तपासणारा, मुख्यतः विद्यापीठे आणि त्यांना जोडलेल्या महाविद्यालयांतून चाललेला अभ्यास. वनस्पतिशास्त्र, भूगोल, भूशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, कृषिविद्या, हवामानशास्त्र अशा अनेक विभागांत तो विखुरला आहे. नदी एकच असली तरी सड्यावरची (जांभ्या दगडाच्या पठारावरची) फुले मोजणारा आणि सांगलीच्या पुराचे गणित मांडणारा सहसा एकमेकांचे प्रबंध वाचत नाहीत. या क्षेत्राची सर्वांत मोठी उणीव तीच.

अभ्यासक्षेत्र

महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमीच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडकडे तो ५०० मिमीच्या आसपास येतो; जत, आटपाडीतही तीच गत. ढग घाट चढताना रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया सुरू होते. इतक्या थोड्या अंतरात निमसदाहरित जंगल, पानझडी रान, उसाचा काळा मळा आणि गवताळ माळ असे सारे सापडत असल्याने अभ्यासकाला इथे वेगवेगळ्या हवामानांची तुलना एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात करता येते.

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येऊन संगम माहुलीला वेण्णेला मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला घेते. पूर्वेकडच्या येरळा व अग्रणी याही कृष्णेच्याच उपनद्या, पण वर्षातले बरेच महिने कोरड्या. माणगंगा मात्र भीमेकडे जाते. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना व वारणा ही धरणे पश्चिमेला, तर पाण्याची ओढ पूर्वेला. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजना हे अंतर विजेच्या जोरावर, टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवून भरून काढतात.

संस्था

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. सातारा व सांगली हे जिल्हे त्याच्याच कार्यक्षेत्रात आहेत. साताऱ्याला २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. सांगलीतील विलिंग्डन व वालचंद आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी ही जुनी महाविद्यालये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला संशोधन केंद्र आहे. सोयाबीनच्या ‘केडीएस’ वाणांमुळे शेतकऱ्यांना ते नावानिशी ठाऊक असते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे. विद्यापीठांबाहेरची पण या कामाला आधार देणारी दोन ठिकाणे म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वर येथील ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा (२०१२) आणि कराडची भूकंपविषयक खोल विंधनछिद्र प्रयोगशाळा.

सडे आणि त्यांवरचे पाणी

जांभ्या दगडाची सपाट पठारे, म्हणजे सडे, हे या संशोधनाचे सर्वांत फलदायी क्षेत्र ठरले. सड्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तोही नाही. जून ते सप्टेंबर दगडावर पाणी साचून राहते आणि दिवाळीनंतर तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा टोकाच्या जागी टिकणाऱ्या वनस्पती दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. ‘वायतुरा’ हे त्याचे उत्तम उदाहरण. कास व चाळकेवाडीच्या पठारांवरील उथळ डबक्यांत तो वाढतो, पावसाळ्यात त्याचे दोन फाट्यांचे तुरे पाण्यावर येतात आणि डबके आटले की कंद चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहतो. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. पाऊस लांबला किंवा ऑगस्टमध्ये दोन आठवडे उघडीप पडली, तर अशा झाडाचे काय होते, हा हवामानबदलाचा प्रश्न इथे टाचेएवढ्या खळग्यातही तपासता येतो. मातीत नत्र कमी असल्याने कीटक पकडून पोट भरणाऱ्या सीतेची आसवे आणि दवबिंदू याही इथल्याच.

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेले. पाठोपाठ गर्दी आली, आणि गर्दीपाठोपाठ कुंपण. कुंपणाने माणसे थोपवली तशी गुरेही थोपवली. मग गवत माजले व बुटकी फुले झाकली गेली, असा आक्षेप स्थानिक गावकरी आणि काही वनस्पतितज्ज्ञ दोघांनीही घेतला. चराई शत्रू की सोबती, यावर एकमत नाही. पण शेकडो वर्षे गुरे चरत असलेल्या जागेला ‘अस्पर्श’ मानून केलेले नियोजन फसते, इतके तरी या वादातून पुढे यायला हवे होते.

याच पठारावरच्या एका हंगामी तळ्याच्या तळातला गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वीविज्ञान केंद्राबरोबर तपासला. गाळाचे थर खालून वर वाचत जायचे; प्रत्येक थरातले परागकण, डायटम नावाची काचेच्या कवचाची सूक्ष्म शेवाळे आणि इतर सूक्ष्मजीव ओळखायचे. त्यावरून सुमारे ८,६०० वर्षांपूर्वी इथला मान्सून कमजोर होऊन कोरडा काळ आल्याचे दिसले. सर्वांत वरच्या, म्हणजे गेल्या सुमारे हजार वर्षांच्या थरांत प्रदूषण सोसणाऱ्या डायटमांची संख्या वाढलेली आढळली. माणसाचा व गुरांचा वावर तिथे आकड्यांतच उमटला आहे. सातारा शहराला पाणी देणारा कास तलाव याहून वेगळा. तो बांधीव आहे आणि अलीकडे त्याची उंची वाढवली आहे.

जंगल

कोयना अभयारण्य (१९८५) व चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौ. किमी. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही इथल्या निमसदाहरित रानाची ओळखीची झाडे. हे जंगल दिसते तितके जुने सगळीकडे नाही. नाचणी-वरीसाठी उतारावर राब करून केलेली कुमरी शेती, नंतर कोयना व वारणा धरणांनी उठवलेली गावे, नंतर उद्यानासाठी हलवलेली गावे असे थर त्याखाली आहेत. ओस पडलेल्या भातखाचरांवर आधी गवत, मग झुडपे, मग रान असा क्रम चालू असतो. जंगल आपोआप परत येताना कसे येते, हे पाहायला अशी जागा शोधूनही मिळणार नाही, पण त्यावर झालेले काम पाखरे आणि वाघ यांच्या मानाने फार कमी आहे.

देवराया हा निराळा धागा. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांना वैज्ञानिक महत्त्व मिळवून दिले. अनेक देवरायांत झरा किंवा कुंड असते. रानामुळे झरा टिकला की झऱ्यामुळे लोकांनी रान राखले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

झाडे आणि पाणी

‘झाडे लावा, पाणी वाढेल’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर शोभते. जलविज्ञानात ते अर्धेच खरे आहे. झाड पाणी जमिनीत मुरायला मदत करते, तसेच ते मुळांनी उपसून पानांवाटे हवेतही सोडते. घाटमाथ्यावर पाऊस इतका आहे की मुरण्याचा फायदा उपशापेक्षा जास्त पडतो आणि पावसाळ्यानंतरही ओढे वाहते राहू शकतात. ५०० मिमीच्या माळावर दाट, झपाट्याने वाढणारी लागवड केली तर ओढ्याला आणि विहिरीला येणारे पाणी उलट घटू शकते. शिवाय माण, खटाव, जतचे माळ हे मुळात गवताळ परिसर आहेत. लांडगा, खोकड, चंडोल यांचे घर. सरकारी दप्तरात ते ‘पडीक’ म्हणून लागतात आणि गिरिपुष्पाच्या रोपांनी भरतात.

सागरेश्वर अभयारण्य (१०.८७ चौ. किमी) हे या चर्चेत दोन्ही बाजूंनी दिले जाणारे उदाहरण. सांगली जिल्ह्यातल्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, हरणे सोडली गेली, आणि माणसाने उभे केलेले अभयारण्य म्हणून ते नावारूपाला आले. धूप थांबली हे उघड दिसते. भूजलाचा हिशेब मात्र पाऊस, खडक आणि भोवतीच्या शेतीचा उपसा वेगळा काढल्याशिवाय मांडता येत नाही.

पाणलोटाच्या कामांतही हीच गोम. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ ची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली, माणमधल्या टाकेवाडीने २०१८ ची. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, ओढ्याचे खोलीकरण यांनी पाणी अडते. पण दख्खनच्या काळ्या खडकात ते किती मुरेल, हे खडकाच्या थरांवर ठरते. भेगाळ, सच्छिद्र थर असेल तर विहीर भरते. सलग कातळ असेल तर पाणी वरच्या वर राहून उडून जाते. त्यातून वाढलेले पाणी ऊस आणि द्राक्षाकडे वळले तर मार्चमध्ये विहीर पुन्हा तळाला जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी यासाठी हाताशी असतात. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न इथे संशोधनापेक्षा चळवळीने आधी उचलला. येरळेवरचा लोकांनी बांधलेला बळीराजा बंधारा आणि आटपाडीची समन्यायी पाणीवाटपाची मागणी या दोन्ही गोष्टी भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांशी जोडलेल्या आहेत.

पूर

सांगलीत पुराची भाषा फुटांची आहे. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या आसपास, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे आणि २०२१ मध्ये ५५ फुटांच्या जवळ गेले. कराडच्या खाली नदीचा उतार मंदावतो, वळणे वाढतात. हरिपूरला वारणा येऊन मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा. पंचगंगेला पूर असेल तर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. त्यामुळे शहरात पाऊस थांबला तरी पाणी चढतच राहते.

२०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने कृष्णेवरचे, खालच्या बाजूचे कर्नाटकातील अलमट्टी धरण हे पुराचे कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. लोकांच्या गळी तो उतरला नाही, आणि अलमट्टीची उंची वाढवण्याचा विषय निघाला की हा वाद पुन्हा पेटतो. नदीपात्राचे छेद, पूररेषा आणि धरणांच्या विसर्गाच्या वेळा घालून संगणकावर प्रतिमाने करणे हा आता अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा नेहमीचा विषय झाला आहे. ढगांतूनही आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांमुळे पूर चालू असतानाच त्याचा विस्तार नकाशावर येतो. २२–२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिमी पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. धरणे भरण्याचे वेळापत्रक जुन्या सरासरी पावसावर आखलेले असते. अशा एका दिवसात ते कसे टिकवायचे, हा कळीचा प्रश्न आहे.

कोयना आणि भूकंप

११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप धरणाच्या साठ्याशी संबंधित भूकंपांच्या जागतिक अभ्यासात आजही मुख्य उदाहरण मानला जातो. त्यासाठी गोठणे येथे ३ किमी खोल विंधनछिद्र घेतले गेले. बेसॉल्टचे थर ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात गेले.

खारवट जमीन

वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात पाण्याचा तुटवडा नाही, अतिरेक आहे. एकोणिसाव्या शतकात खोडशीपासून काढलेला कृष्णा कालवा आणि नंतरच्या खासगी व सहकारी उपसा योजना यांनी काळ्या भारी जमिनीत बारमाही ऊस आला. पाटाने पाणी सोडत गेल्यावर निचरा न होणाऱ्या रानात पाण्याची पातळी वर आली, त्यासोबत क्षार वर आले आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खपली धरू लागली. पुढे जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, झाली की पीक उगवतही नाही. उपाय ठाऊक आहेत: जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा, गरजेप्रमाणे जिप्सम, धैंच्याचे हिरवळीचे खत आणि पाटाऐवजी ठिबक. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. एकट्या शेतकऱ्याने पाईप टाकून भागत नाही, पाणी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या सगळ्यांच्या रानातून वाट लागते. निचऱ्याचे खारे पाणी शेवटी कृष्णेतच उतरते. शहरांचे सांडपाणी, सांगलीत शेरीनाला, आधीच तिथे असते.

नोंदींची स्थिती

मोठ्या नद्यांवर आणि धरणांवर मोजणी नियमित होते. घाटातल्या छोट्या ओढ्यांवर ती जवळजवळ होत नाही. जंगल व पाणी यांचा संबंध ठरवायचा तर नेमके हेच ओढे मोजावे लागतात. पीएच.डी.च्या मुदतीत दोन-तीन पावसाळे हाती लागतात आणि हवामानबदलाविषयी बोलायला किमान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. म्हणून नव्या अभ्यासकाला शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांतील जुने प्रबंध मोलाचे ठरतात. त्यांतले बरेच ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आहेत, आणि त्यांतील तालुकावार पीकनोंदी व विहिरींच्या पातळ्या आजच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.