सुपरवायझरची बढती आणि पाचशे रुपयांची मर्यादा

कालपर्यंत मशीनवर असलेला माणूस आज शिफ्ट सांभाळायला लागतो. काम कसे वाटायचे, नव्या पोराला कसे शिकवायचे, दोघांचे भांडण कसे मिटवायचे, आणि 'एवढा माल आज निघणार नाही' हे वरच्या साहेबाला कोणत्या शब्दांत सांगायचे, यातले बहुतेक त्याला कोणी शिकवलेले नसते. कंपन्यांत हल्ली 'फर्स्ट टाइम मॅनेजर'चे दोन दिवसांचे वर्ग भरतात. ते नवे वाटतात, पण सुपरवायझरला पद्धतशीर शिकवण्याचा प्रयत्न आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच सुरू झाला होता. तो नीट का रुजला नाही, याचे मोठे कारण मला कामगार कायद्यात दिसते.

त्याआधीचा काळ जॉबरचा. मुंबईच्या गिरणीत माणूस भरती करणारा, त्याला साच्यावर उभे करून काम शिकवणारा, नडीला उसने पैसे देणारा आणि दस्तुरी, म्हणजे कामावर ठेवल्याबद्दलची चिरीमिरी, उकळणारा तोच. बायकांच्या खात्यात हे काम नायकिणी करत. भरती आणि बडतर्फीत जॉबरचा हात नसावा, अशी शिफारस 1931 मध्ये ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या शाही आयोगाने केली. पुढे लेबर ऑफिसर आले, जॉबरचा दरारा ओसरत गेला. त्याच्या जागी जो सुपरवायझर उभा राहिला, त्याने माणसे कशी हाताळायची याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

तो विचार 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाहेरून आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी हात कमी पडले, म्हणून 1940 मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री', म्हणजे टीडब्ल्यूआय, नावाचा कार्यक्रम निघाला होता. काम शिकवणे, माणसांशी वागणे, कामाची पद्धत सुधारणे असे त्याचे तीन मुख्य भाग. प्रत्येक भाग दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. युद्ध संपेपर्यंत 16 लाखांहून अधिक लोक त्यातून गेले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांमार्फत हा कार्यक्रम भारतात पोहोचला आणि अहमदाबाद-मुंबईच्या कापडधंद्यातल्या लोकांनी तो उचलला.

त्याची पहिली बैठक आजही वाखाणण्यासारखी आहे. विजेच्या दिव्याची वायर ओढली गेली तरी जोड सुटू नये म्हणून आतून मारायची एक गाठ असते. शिकवणारा ती आधी नुसती तोंडी सांगतो. कोणालाच जमत नाही. मग एक शब्द न बोलता करून दाखवतो. तरी जमत नाही. तिसऱ्या वेळी समोरच्याला आधी काय येते ते विचारतो, एकेक टप्पा दाखवत त्याचे कारण सांगतो, त्याच्याकडून करून घेतो, आणि करताना तोंडाने सांगायला लावतो. आता गाठ बसते. पंधरा वर्षे लूमवर काढलेल्या माणसाला 'मला येते म्हणजे मला शिकवता येते' हा समज सोडायला ही गाठ पुरेशी होती. या पायऱ्या छापलेले खिशात मावेल एवढे कार्ड प्रत्येकाला मिळे.

पुढच्या दहा वर्षांत संस्था भराभर उभ्या राहिल्या. कामगारांच्या शिक्षणाचे केंद्रीय मंडळ 1958 मध्ये नागपुरात आले, उत्पादकतेची राष्ट्रीय परिषदही त्याच वर्षीची. 1961 मध्ये अहमदाबाद आणि कोलकात्यात व्यवस्थापनाच्या संस्था निघाल्या, 1963 मध्ये पवईत औद्योगिक अभियांत्रिकीची. खाली कामगारांसाठी वर्ग, वर साहेबांसाठी वर्ग. मधल्या माणसाच्या वाट्याला अधूनमधून एखादा छोटा कोर्स येई.

हा मधला माणूस नेमका कोण, हा वाद 1956 मध्ये कायद्यात शिरला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' म्हणजे अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम करणारा, एवढीच व्याख्या होती. 1956 च्या दुरुस्तीने देखरेखीचे काम करणाऱ्यालाही आत घेतले, पण महिना 500 रुपयांपर्यंतच. पगार त्यावर गेला, किंवा काम मुख्यतः व्यवस्थापकीय ठरले, की तो कामगार उरत नाही. मग कामावरून काढले तर कामगार न्यायालयाचा दरवाजा बंद, छाटणीची नोटीस आणि भरपाईही नाही.

दुरुस्तीचा हेतू चांगला होता, असे मी मानतो. घात झाला तो आकडा गोठल्यामुळे. 500 ची मर्यादा 1984 पर्यंत, म्हणजे 28 वर्षे, तशीच राहिली. मग ती 1600 झाली आणि 2010 पर्यंत हलली नाही. पगार वाढत गेले, मर्यादा जागच्या जागी. शेवटी संघटित कारखान्यातला जवळजवळ प्रत्येक जण तिच्या वर गेला आणि सगळे भांडण एकाच प्रश्नावर येऊन थांबले: याचे काम देखरेखीचे आहे का?

कामगार न्यायालयातली उलटतपासणी याच प्रश्नाभोवती फिरते. रजा मंजूर करायचा अधिकार होता का, की अर्जावर फक्त 'शिफारस' म्हणून सही? मेमो कोण देत असे? हाताखाली माणसे किती? 1985 मध्ये मुंबईतल्या एका कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हुद्द्याचे नाव न बघता माणसाचे मुख्य काम काय ते बघायचे. थोडीफार जोडकामे असली म्हणून त्याचा दर्जा बदलत नाही. कायदा म्हणून हे योग्यच. पण बढती ही यामुळे संशयाची गोष्ट झाली. सुपरवायझर केले ते युनियनमधून बाहेर काढण्यासाठी, असे खाली बोलले जाऊ लागले, आणि अनेक ठिकाणी ते खरेही होते. अशा वातावरणात प्रशिक्षणाचा भर 'आता तू मॅनेजमेंटचा' हे ठसवण्यावर गेला. शिकवणे कसे, ऐकून घेणे कसे, हा भाग मागे पडला.

दरम्यान जपानने टीडब्ल्यूआय टिकवले होते. तिथल्या मोटार कारखान्यांनी ते आपल्या उत्पादन पद्धतीत मुरवले. आपल्याकडे मोटार उद्योग वाढला तसे तेच धडे फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत) आणि कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) यांच्या सोबतीने पिंपरी-चिंचवड, चाकणपर्यंत पोहोचले. एकदा दारात येऊन गेलेली गोष्ट आपण जपानी म्हणून पुन्हा शिकलो.

तोवर माणूसही बदलला होता. पूर्वी चार्जहँड, फोरमन असे कामगारांवर देखरेख करणारे बहुधा फ्लोअरवरून वर येत. आता विशीतला डिप्लोमा इंजिनिअर थेट लाइनवर येतो आणि त्याच्या हाताखाली वयाने मोठे कंत्राटी कामगार असतात. त्यांचा पगार, रजा, कायमपणा यातले काहीच त्याच्या हातात नसते, टार्गेट मात्र त्याच्याच नावावर असते. 2017 मध्ये पुण्यात आयटी कंपन्यांनी कमी केलेल्या लोकांनी कामगार आयुक्तालयात धाव घेतली, तेव्हा 'लीड' आणि 'मॅनेजर' म्हणवणारे कामगार की व्यवस्थापन, हा जुना प्रश्न नव्या कपड्यांत पुन्हा आला.

2010 ची मर्यादा 10,000 होती. 1947 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 आहे. दिल्लीत कुशल कामगाराचे किमान वेतनच याच्या वर आहे. म्हणजे तिथे कायद्याने पगार मिळणारा कुशल माणूस सुपरवायझर झाला, की त्याच दिवशी संरक्षणाबाहेर जातो. शिकाऊ उमेदवाराला काय आणि किती शिकवायचे यासाठी 1961 चा कायदा आहे. त्या शिकाऊला लाइनवर उभे करणाऱ्या सुपरवायझरला आधी काही शिकवा, असे मात्र या संहितेतही कुठे लिहिलेले नाही.