मुख्य वितरण चौकट व जंपर-व्यवस्थापन

दूरध्वनी केंद्रात बाहेरच्या केबलींमधील तारांच्या जोड्या आणि आतील स्विचिंग यंत्रणा यांची जोडणी ज्या लोखंडी चौकटीवर होते ती मुख्य वितरण चौकट, बोलीत ‘एमडीएफ’. दोन्ही बाजूंना सांधणारी सुटी, पीळदार तारजोडी म्हणजे जंपर.

१८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे सुरू झालेल्या पहिल्या व्यापारी केंद्राचे ग्राहक अवघे २१ होते. तेथे चौकटीची गरज नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रूढ झाली असावी. आकाशातील विजेपासून संरक्षण देणारी साधने चौकटीच्या केबल-बाजूला बसवतात, म्हणून तिचा उगम संरक्षणाच्या गरजेत पाहता येतो. तथापि संरक्षक साधने चौकटीवाचूनही बसवता येतात. केबलमधील जोडीचा क्रम आणि ग्राहकाचा क्रमांक यांची फारकत करणे, हे कारण अधिक ग्राह्य वाटते. हस्तचालित केंद्रांत याच तत्त्वावर केंद्राच्या आत आणखी एक मधली चौकटही असे. जास्त कॉल करणारे ग्राहक एकाच ऑपरेटरच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून तिच्यावर जंपर बदलत; ग्राहकाचा क्रमांक तोच राही.

तारांची टोके जोडायचे केबल-बाजूचे ठोकळे उभ्या रांगांत, यंत्र-बाजूचे आडव्या रांगांत असतात. जंपर आडव्या फळीवरून हव्या त्या उभ्या रांगेसमोर येतो, कड्यातून पलीकडे जातो आणि रांगेतून वर किंवा खाली उतरतो. दोन्ही बाजू एकाच दिशेच्या असत्या, तर तारांचा गुंता झाला असता.

खरी अडचण मृत जंपरची. जोडणी रद्द झाल्यावर दोन्ही टोके सोडवून तार हलक्या हाताने ओढायची असते. एकाने टोक हलवायचे, दुसऱ्याने पलीकडे कोणती तार हलते ते पाहायचे. जोराने ओढल्यास शेजारच्या चालू तारांचे आवरण सोलले जाते. त्यामुळे ढिगाखाली दबलेली तार तशीच ठेवतात आणि फळी भरत जाते. पूर्वी नोंदी कार्डांवर असत. कार्डावर एक आणि चौकटीवर भलतेच असले, की दोष शोधण्यात तासन्‌तास जात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांचा समूह असलेल्या बेल प्रणालीने ‘कॉस्मॉस’ ही संगणकीय नोंदव्यवस्था आणली. केबलच्या जोडीजवळचेच मोकळे यंत्रस्थान निवडून जंपर आखूड ठेवणे हा तिचा एक हेतू.

इलेक्ट्रॉनिक केंद्रांत क्रमांक यंत्राच्या स्मृतीत गेला, पण तारजोडी चौकटीवरच राहिली. डीएसएलसाठी, म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरूनच इंटरनेट देण्यासाठी, तर जंपर आवाज आणि डेटा वेगळे करणाऱ्या विभाजकाकडे वळवून परत आणावा लागतो. प्रकाशीय तंतूंची चौकट वेगळी असते.