सांताक्रूझला न सापडणारा बग

लॅमिंग्टन रोडवर डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर सहज मिळतो. तीन पायांचा, ट्रान्झिस्टरएवढा. समजा, एका विद्यार्थिनीने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम, लिहिला. (लिनक्समध्ये तो आधीपासून आहे, पण शिकायला याहून सोपं काही नाही.) खोलीत ३१ अंश दिसतात, बर्फाच्या पाण्यात आकडा शून्याकडे उतरतो. चालतंय की! मग रिव्ह्यू करणाऱ्याने, म्हणजे कोड तपासणाऱ्याने, तो परत का पाठवावा?

सेन्सर १६ बिटांचा आकडा देतो आणि त्यातली एक पायरी म्हणजे अंशाचा सोळावा भाग. शून्याखालच्या तापमानाला वरचे सगळे बिट १ होतात, त्यामुळे उणे १८ अंश ६५,२४८ असे येतात. ड्रायव्हरने तो आकडा शून्यावरचाच (धन) धरला, तर पडद्यावर ४,०७८ अंश! सूर्याचा पृष्ठभागही साधारण ५,५०० अंशांचाच. सांताक्रूझची नीचांकी नोंद ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ची. म्हणजे मुंबईच्या हवेत हा बग जन्मात दिसणार नाही. मासळीच्या शीतगृहात मात्र पहिल्याच दिवशी. रिव्ह्यू करणारा सेन्सर हातात न घेताही तो पकडतो, कारण तो डेटाशीट, म्हणजे सेन्सरचं माहितीपत्रक, शेजारी उघडी ठेवून कोड वाचतो.

चिन्ह दुरुस्त केलं की पुढची गंमत. वायर निघाली तर सगळे बिट १ वाचले जातात आणि ड्रायव्हर निवांतपणे उणे ०.०६ अंश सांगतो. आकडा खोटा, पण पटण्याजोगा, आणि असे आकडे ४,०७८पेक्षा जास्त घातक. म्हणूनच सेन्सर आठ बाइट माहितीबरोबर पडताळणीचा नववा बाइट पाठवतो. तो तपासलाय का? वीज आल्या आल्या सेन्सरमध्ये ८५ अंश भरलेले असतात. मापन होण्याआधी वाचलं तर तेच मिळतात, आणि तेव्हा नववा बाइटही बरोबरच जुळतो! मापनाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात. तेवढा वेळ ड्रायव्हर झोपतो, की रिकामं लूप फिरवत प्रोसेसर अडवून ठेवतो?

ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत चालतो, तिथली चूक अख्खी यंत्रणा आडवी करू शकते. स्टॅनफर्डच्या २००१च्या अभ्यासात ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत आढळलं होतं. मधेच काही बिघडलं तर घेतलेली मेमरी परत केली जाते का, हेही म्हणूनच पाहायचं.

टॅब आठ रकान्यांचा आहे का, ओळ लांबली का, हे चेकपॅच नावाची स्क्रिप्ट बघते. माणसाने त्यात डोकं घालू नये असं माझं मत.

समाधान झालं की पॅचखाली (पाठवलेल्या कोडखाली) ‘रिव्ह्यूड-बाय’ अशी ओळ येते, तपासणाऱ्याच्या नावासकट. कोड चालेलच याची हमी ती देत नाही, हे लिनक्सच्या नियमांतच लिहिलेलं आहे.