मोटारसायकलवरील बिनतारी संपर्क

लांबच्या प्रवासात एका मोटारसायकलवरून दुसरीवर चालत्या गाडीतच बोलता यावे, म्हणून गाडीवर आणि हेल्मेटमध्ये बसवलेली द्विमार्गी रेडिओची व्यवस्था. रेडिओसंच, अँटेना, वीजपुरवठा, हेल्मेटमधले माईक-स्पीकर आणि हॅण्डलवरचे बोलण्याचे बटण हे तिचे भाग. नाव बिनतारी असले तरी जोडणीतला बहुतेक त्रास तारांचाच असतो.

अमेरिकेत 27 मेगाहर्ट्झवरचा सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीचा रेडिओपट्टा, थोडक्यात सीबी, ट्रकवाल्यांनी लोकप्रिय केला. 1977 मध्ये त्याची चॅनेल 23 वरून 40 झाली. पुढे होंडा गोल्डविंगसारख्या पर्यटनाच्या गाड्यांवर सीबी संच कंपनीकडूनच मिळू लागला. मागच्या मडगार्डाशेजारी डुलणारी लांब काठी ही त्या गाड्यांची ओळख होती. भारतात हे चित्र जवळजवळ आलेच नाही. आपल्याकडे गटाने फिरणारे स्वार मोबाइलवरून थेट ब्लूटूथ इंटरकॉमवर आले आणि रेडिओकडे वळले ते त्यानंतर.

सोलापूरहून निघणाऱ्या गटाला अशा संपर्काची गरज का भासते, ते रस्त्यावर कळते. पुणे–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग 65, तुळजापूरहून विजयपूरकडे जाणारा 52 आणि मंगळवेढ्यावरून सांगलीकडे जाणारा 166 हे रस्ते शहराशी येऊन मिळतात. ते बहुतांशी सरळ आणि सपाट आहेत. पण ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संध्याकाळी याच रस्त्यांवर असतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. पुढच्या स्वाराने वेळेवर उच्चारलेला ‘ट्रॉली’ हा एक शब्द मागच्या पाच जणांच्या उपयोगी पडतो. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी होते तेव्हा मोबाइलचे जाळे तुंबते. संचाला मात्र टॉवर लागत नाही.

सपाट मुलूख रेडिओलाही मानवतो. या संचांच्या उंच कंप्रतांच्या (फ्रिक्वेन्सीच्या) लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अँटेना जमिनीपासून 1.5 मीटरवर असेल तर तिचे रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहर सरळ पोचू शकेल ती हद्द, सुमारे 5 किमी असते, म्हणजे दोन गाड्यांमध्ये हिशेबाने 10 किमी. प्रत्यक्षात झाडे, ट्रक आणि उंचसखल रस्ता आडवे येतात आणि अर्ध्या वॅटच्या हातातल्या संचावर दोन-तीन किमी मिळाले तरी चांगले म्हणावे. शहरात त्याहूनही कमी. याउलट सुमारे 45 किमीवरचे तुळजापूर बालाघाटाच्या कड्यावर, सोलापूरहून दीडेकशे मीटर तरी उंच आहे. कड्यावर उभे राहिले की क्षितिजच 50 किमीच्या आसपास जाते, आणि ज्या संचाला खाली पुढची गाडी ऐकू येत नव्हती त्यालाच वरून दूरची बोलणी येऊ लागतात. घाटाच्या वळणात शिरताच तोच संच मुका होतो. पल्ला वॅटपेक्षा उंचीवर आणि अँटेनेवर ठरतो. वॅटच्या आकड्यावर पैसे घालणारे पुष्कळ, म्हणून हे ठासून सांगावे लागते.

कोणता संच घ्यावा हे आधी कायदा ठरवतो. परवानगीशिवाय रेडिओसंच बाळगण्यावर 1933 च्या बिनतारी कायद्यापासून बंदी आहे आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही ती अट ठेवली आहे. काही पट्टे, म्हणजे कंप्रतांचे ठरावीक टप्पे, परवानामुक्त आहेत. 27 मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा 5 वॅटपर्यंत आणि संचाला जोडूनच असलेल्या अँटेनेसह मोकळा आहे, म्हणजे गोल्डविंगची ती काठी इथे बसत नाही. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वॉकीटॉकीसाठी मोकळा केला. आज गटाने फिरणाऱ्या स्वारांना सर्वांत सोयीचा हाच. स्वस्तातले दोन पट्ट्यांचे संच मात्र 446 वर लावले तरी परवानामुक्त ठरत नाहीत, कारण ते पोलिसांच्या आणि इतरांच्या कंप्रतांवरही प्रक्षेपण करू शकतात. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो आणि त्याला वयाची 12 वर्षे पूर्ण लागतात. व्हीयू2 किंवा व्हीयू3 ने सुरू होणारे संकेतनाम मिळाले की 144–146 मेगाहर्ट्झवर अधिक शक्तीने बोलता येते. पण गटातल्या प्रत्येक बोलणाऱ्याकडे परवाना हवा, आणि दहा जणांच्या गटात तो क्वचितच असतो.

परवानामुक्त संचाची अँटेना सहसा संचालाच पक्की असते. त्यामुळे संच लोखंडी डिकीत किंवा सीटखाली ठेवणे व्यर्थ. जॅकेटच्या किंवा पाठपिशवीच्या पट्ट्याला, खांद्याच्या उंचीवर तो अडकवावा. हौशी पट्ट्यावर वेगळी अँटेना लावता येते. 145 मेगाहर्ट्झला तिची पाव-तरंगलांबी सुमारे 50 सेंमी भरते. तिला खाली धातूचा सपाट आधार लागतो आणि मोटारसायकलवर तोच मिळत नाही. कॅरिअरवर ॲल्युमिनियमचा पत्रा टाकून तो करतात, किंवा असा आधार न लागणारी अर्ध-तरंगाची अँटेना घेतात. जोडल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने, म्हणजे अँटेनेकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या मीटरने, तपासावे. मागे सामान बांधल्यावर आकडा बदलतो, म्हणून सामानासकट तपासावे.

खरा वेळ जातो तो खरखरीत. बिघाड ओळखायची साधी रीत आहे. आधी इंजिन बंद ठेवून चावी लावावी, मग इंजिन सुरू करून थ्रॉटल हळूहळू वाढवावा. थ्रॉटलबरोबर चढत जाणारी शीळ ही चार्जिंगची. इंजिनच्या ठोक्यांबरोबर येणारी टकटक प्लगची. इंजिन बंद असतानाही भुणभुण चालू राहिली, तर संशय यूएसबी चार्जरवर किंवा बाजारातून आणून लावलेल्या एलईडी दिव्यावर घ्यावा. शीळ जाण्यासाठी संचाच्या दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात. प्लस तारेत बॅटरीजवळच फ्यूज घालावा आणि चावीवर चालणारा रिले (चावी काढताच वीज तोडणारा स्विच) ठेवावा, नाहीतर मुक्कामाला सकाळी गाडी ढकलायची वेळ येते. टकटकीला आत रोधक (रेझिस्टर) असलेला प्लग लागतो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकातले ‘आर’ हे अक्षर त्याचीच खूण. सीबी संच एएम पद्धतीचा, म्हणजे लहरीची ताकद कमीजास्त करून आवाज नेणारा, असेल तर ही टकटक त्याला फार छळते. 446 वरचे एफएम संच कंप्रता बदलून आवाज नेतात, ते तिला बरेचसे दाद देत नाहीत.

वाऱ्याला फिल्टर नाही. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमध्ये इतका घोंगाट असतो की आवाजावर आपोआप चालू होणारा माईक सतत उघडाच राहतो आणि सगळ्या गटाचे चॅनेल अडवून धरतो. म्हणून डाव्या मुठीशी बटण हवेच. पूर्ण बंद हेल्मेटात तारेचा छोटा माईक हनुवटीच्या गादीत ओठांसमोर चिकटवतात. स्पीकर कानाच्या खळग्यात बरोबर मध्ये बसावा, एक सेंटीमीटर सरकला तरी आवाज निम्मा होतो. त्यासाठी आतला थर्माकोल कापू नये. धडकेत डोके वाचवतो तो तोच. संच हातात धरून बोलणे ही तर मोटार वाहन कायद्याखाली धोकादायक चालवण्यात मोडणारी गोष्ट.

ब्लूटूथ आणि मेश (एकाचा आवाज दुसऱ्याने पुढे न्यायचा असे जाळे करणारे) इंटरकॉम 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. त्यात बटणाशिवाय दोघांना एकाच वेळी बोलता येते, सूरही स्वच्छ. पण मध्ये उसाने भरलेली ट्रॉली आली की पाण्याने भरलेला तो हिरवा डोंगर या लहरी गिळतो. नवराबायको एकाच गाडीवर असतील तर इंटरकॉम उत्तम, विखुरलेल्या गटाला रेडिओ बरा. दोन्ही एकत्र जोडणारे अडॅप्टर मिळतात. त्यांत बटण दाबल्यावर आवाज सुटायला किंचित उशीर लागतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. लिथियम बॅटऱ्या साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असे त्यांचे निर्माते सांगतात. मे महिन्यात सावलीतच पारा 42–43 वर असतो, मग ढाब्यासमोर उभ्या गाडीच्या काळ्या टँकबॅगेत किती होत असेल! चार्जिंग सकाळी, गाडी चालू असताना उरकावे.

बोलण्याची शिस्त मराठीत जरा वेगळी लागते. बटण दाबून अर्धा सेकंद थांबले नाही तर पहिला शब्द जातो, हे सगळीकडचेच. पण बटण लवकर सोडले तर शेवटचा शब्द जातो, आणि मराठीत नकार शेवटी येतो. ‘डावीकडे वळू नका’ यातले ‘नका’ हवेत राहिले की मागचे सगळे डावीकडे वळतात. म्हणून नकाराने सांगू नये, ‘सरळ, सरळ’ असे दोनदा म्हणावे. सोलापुरातल्या गटात मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतले स्वार एकत्र असतात. त्यांनी निघण्यापूर्वी सातआठ शब्द ठरवून घेतलेले बरे: ट्रॉली, खड्डा, पंप, पंक्चर, सरळ, थांबा, आणि सर्वांत मागच्या स्वाराने दर थांब्यानंतर द्यायचे ‘सगळे आले’.