टाचेची भेग आणि भिरंडेलाचा गोळा

माघाच्या थंडीत आजीच्या टाचा अशा फुटायच्या की गोधडीचा दोरा भेगेत अडकायचा. रात्री भांडी घासून झाली की ती फडताळातून भिरंडेलाचा, म्हणजे कोकमतेलाचा, गोळा काढायची. मुठीत दाबून वळलेला, पिवळट पांढरा, अंगावर बोटांचे ठसे तसेच उमटलेले. त्याचं टोक चिमणीच्या ज्योतीवर धरायचं आणि थेंब सुटला की तो भेगेत सोडायचा. मी पाय पुढे केला की आधी हुकूम यायचा, "आदी पाय धुवन ये, मगे लावतंय."

त्या हुकमात किती शास्त्र होतं हे मला त्वचेवर अभ्यास करू लागल्यावर कळलं.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. साल आमसुलांना जाते, बिया राखेत चोळून उन्हात पडतात. पुढे सवडीने त्या कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेला तवंग काढून थंड करायचा. बीच्या वजनाचा साधारण पाव भाग तेल असतं. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल आणि 35 ते 40 टक्के ओलेइक आम्ल. हे तेल वेगळं ठरतं ते त्याच्या रेणूंच्या घडणीमुळे. बहुतेक रेणू एकाच साच्यातले, दोन बाजूंना स्टिअरिक आणि मधे ओलेइक. सारखे रेणू एकमेकांत घट्ट बसतात आणि वितळतात तेही जवळजवळ एकदमच, 40 अंश सेल्सिअसच्या आसपास. खोबरेल 24 अंशांलाच पातळ होतं आणि पायावरून ओघळून जातं. भिरंडेल टाचेवर पडलं की पुन्हा थिजतं, भेगेत लांबी भरल्यासारखं बसून राहतं. चिमणी लागायची ती यासाठी.

आता टाचेकडे येऊ. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीसारखा तो मला दिसतो. पेशी म्हणजे चिरे, आणि सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचा चुना. हा चुना आतलं पाणी धरून ठेवतो. हातावर-पोटावर ही भिंत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही जाड नसते, टाचेला मात्र ती मिलिमीटरच्या घरात जाते. त्यात तळपायाला तेलग्रंथीच नाहीत. थंडीत हवा कोरडी झाली की हा जाड थर सुकून ताठ होतो आणि अंगाचा भार पडला की चिरतो. तेलात पाणी नसतं, ते असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच. म्हणून धुतलेला, अजून ओलसर असलेला पाय हवा. सुक्या खडखडीत टाचेला तेल फासून निम्माही गुण येत नाही.

मला खटकतं ते पुढचं. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य आहे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तापस कुंडू यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं की ते पेशीतल्या एका जातीच्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, अडवतं. डीएनएचा दोरा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ही विकरं रिळांवर रासायनिक खुणा लावून दोरा सैल करतात आणि मग जनुकं वाचली जातात. फार मोलाचं काम आहे हे. पण ते पेशींवरचं आहे, टाचेवरचं नाही. गार्सिनॉल सालीत असतं आणि भिरंडेल निघतं बीपासून, हा फरक विसरून सालीचे गुण तेलाच्या डबीवर छापले जातात. शिवाय गार्सिनॉलच्या रेणूचं वजन आहे सुमारे 602 डाल्टन. अखंड त्वचेतून सहज आत जायचं तर रेणू 500 च्या आतला हवा, असा ढोबळ नियम 2000 साली मांडला गेला आणि मलमं बनवणारे आजही तो पाळतात. एखादा रेणू खरंच आत जातो का, हे बघायला काचेच्या दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा, बहुधा डुकराच्या कानाचा, पडद्यासारखा ताणून बसवतात. वर औषध घालायचं आणि खालच्या पाण्यात तासातासाने काय उतरलं ते मोजायचं. अशा चाचणीत उतरल्यावरही माणसांवरच्या चाचण्या उरतातच.

आमसुलाच्या पाण्याचंही तसंच. अंगावर पित्त उठलं की आपण ते लावतो, गार वाटतं, गांधी जिरतात. पण पित्ताची एकेक गांध काही न लावताही बहुधा 24 तासांच्या आत जिरते. श्रेय आमसुलाला द्यायचं तर काहींना आमसूल आणि काहींना नुसतं पाणी लावून ताडून बघावं लागेल.

भिरंडेल मात्र मी आजही वापरते. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, टिपून लगेच तेल, वर सुती मोजे. घरात कुणाला मधुमेह असेल तर चिमणीचा थेंब थेट टाचेवर सोडू नका. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, चटका बसला तरी कळत नाही. तेल वाटीत वितळवा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा, आणि भेगेतून रक्त किंवा पू दिसला तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.