मराठी कवितेतील कष्ट, थकवा आणि ध्येय

मराठी कवितेला कष्ट नवे नाहीत, कारण तिचा बराच भाग काम करता करताच रचला गेला. पण कामाने येणारा शीण लिखित कवितेत उघडपणे यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आयुष्यात काय मिळवायचे, हा प्रश्न कवींनी कधी आभाळाएवढा केला, तर कधी भाकरीपुरता.

या परंपरेचे मूळ जात्यावरच्या ओवीत आहे. पहाटे समोरासमोर बसून दोघी खुंटा ओढत, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी पुढे सरके. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल असे सगळेच तिच्यात येई. जे चारचौघांत बोलता येत नसे, ते दगडाच्या घरघरीत बोलता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी गावोगावी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. संत जनाबाईंच्या अभंगांत तर देवच दळायला बसतो. दासीचे काम देवाने वाटून घ्यावे, या कल्पनेत भक्तीइतकाच शीणही आहे. अभ्यासकांचे लक्ष बहुधा पहिल्या गोष्टीकडेच जाते. अरणच्या सावता माळ्याला कांदा, मुळा, भाजीतच विठाबाई दिसली. त्याच्यासाठी काम आणि साध्य वेगळे उरलेच नाहीत.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरोट्यावर (जात्यावर) सुचलेली त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती छापता आली. आधी हाताला चटके, मग भाकर, हा त्यांचा संसाराचा हिशेब तक्रारीच्या सुरात नाही, पण चटका तो लपवतही नाही.

ध्येयाचा सर्वांत बुलंद उच्चार कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’मध्ये (‘विशाखा’, १९४२) आहे. तिथला खलाशी समुद्रालाच ‘पामर’ म्हणतो. थकायला त्याला सवडच नाही.

पाचच वर्षांनी, १९४७ मध्ये, बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह आला. शहरी चाकरमान्याच्या दिवसासाठी मर्ढेकरांनी अभंगाचा साचा उचलला:

सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी, ।
तशीच गाठावी । वीज-गाडी ॥

सहा, सहा, सहा, चार अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. मोक्षाचा उपदेश ज्या चालीवर कानी पडला, तिच्यावरच आता लोकल पकडण्याचा उपदेश चालतो. पुढे हुजुरांपुढे दाती तृण धरायचे आणि संध्याकाळी पोराबाळांवर ओकायचे नाही, एवढेच व्रत उरते. इथला थकवा अंगमेहनतीचा नाही. दिवसाला हेतूच न उरल्याचा आहे. विंदा करंदीकरांनी ‘तेच ते’मध्ये हाच कंटाळा माकडछाप दंतमंजनापासून मोजायला घेतला आणि शब्दांच्या पुनरुक्तीने वाचकालाही दमवले.

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) मात्र हा दिवस आतून जगलेले होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढवले. त्यांनी स्वतः गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी कामगार मराठी कवितेचा विषय न राहता तिचा बोलणारा झाला. त्यांच्या ‘दोन दिवस’ या कवितेत उरलेल्या उन्हाळ्यांचा हिशेब आहे, दारिद्र्याकडे गहाण पडलेले हात आहेत आणि भाकरीचा चंद्र शोधण्यात गेलेली जिंदगी आहे. प्रेमकवितेतला चंद्र इथे भुकेच्या मापाचा होतो, आणि ती तक्रार सौंदर्यापासून वंचित राहिल्याचीही आहे. सुर्व्यांना केवळ लढ्याचे कवी म्हणणारे ही हळहळ वगळून टाकतात.

शाहिरीने वेगळी वाट धरली. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत (शाहिरी गीताचा एक प्रकार) पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोला आठवतो, आणि रचना पुढे सरकते तशी ती ताटातूट संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारची होते.