ब्लॅकस्मिथिंग घ्यावं की इंजिनिअरिंग?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये नवा वॉरियर (योद्धा) बनवला की थोड्याच दिवसांत हा प्रश्न समोर येतो. मुख्य प्रोफेशन, म्हणजे पात्राचे धंदे, दोनच घेता येतात. त्यातलं एक मायनिंग (खाणकाम), हे जवळजवळ ठरलेलंच, कारण खनिज जाता-येता दिसत असतं आणि सोडवत नाही. उरली एक जागा. ट्रेनरकडची यादी उघडली तर ब्लॅकस्मिथिंगला (लोहारकामाला) कॉपर बार, म्हणजे तांब्याच्या कांड्या, इंजिनिअरिंगलाही कॉपर बार. पुढे ब्राँझ, आयर्न, मिथ्रिल, थोरियम, दोघांची भूक तीच. ऐरणसुद्धा बऱ्याचदा दोघांना लागते. नवख्याला वाटतं, एकाच कामाची दोन नावं आहेत.

मलाही तेच वाटलं होतं, म्हणून मी दोन्ही घेऊन टाकली. मायनिंगशिवाय. ते कसं अंगाशी आलं ते शेवटी सांगतो.

फरक बघायला अगदी सुरुवातीचा रफ स्टोन पुरेसा आहे. कॉपर खणताना ओअरबरोबर हा दगडही मिळतो. ब्लॅकस्मिथ त्याचा रफ शार्पनिंग स्टोन करतो. तो धारदार हत्याराला लावला की ३० मिनिटं डॅमेज २ ने वाढतं. तोच दगड इंजिनिअरच्या हातात पडला तर त्याची ब्लास्टिंग पावडर होते, आणि अशा दोन दगडांची पावडर आणि लिननचा एक तुकडा मिळून रफ डायनामाइट. आता दोन्ही वस्तूंवर माउस नेऊन बघा. शार्पनिंग स्टोन कुणालाही चालतो. पार्टीतल्या रोगला (खंजीर चालवणाऱ्या पात्राला) द्या, नाहीतर ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे गेममधल्या लिलाव बाजारात टाका. डायनामाइटवर मात्र इंजिनिअरिंगची अट लिहिलेली असते. ज्याच्याकडे ते प्रोफेशन नाही, त्याच्या बॅगेत तो नुसता जागा अडवतो.

माझ्या मते सगळी निवड इथेच होते. ब्लॅकस्मिथ मुख्यतः दुसऱ्यांसाठी बनवतो, इंजिनिअर मुख्यतः स्वतःसाठी.

ब्लॅकस्मिथचं काम समजायला सोपं आहे: मेल आणि प्लेट चिलखत, तलवारी, कुऱ्हाडी, हातोडे. एन्चँटरला (वस्तूंवर जादू चढवणाऱ्याला) ज्या रॉड लागतात त्याही तोच घडवतो, आणि कुलुपं उघडायच्या स्केलेटन की पण. स्किल ७५, १५०, २२५ असे टप्पे ओलांडत ३०० पर्यंत जातं. खरं सांगायचं तर या वाटेवर स्वतःच्या उपयोगाचं फार काही हाती लागत नाही. घाम गाळून हेल्मेट बनवावं आणि दोन दिवसांत एखाद्या क्वेस्टमधून त्याहून बरं मिळावं, हे ठरलेलं. मजा ३०० नंतर आहे. लायनहार्ट हेल्म या शिरस्त्राणासाठी थोरियम बारचा ढीग तर लागतोच, वर १२ आर्केनाइट बार. आर्केनाइट ब्लॅकस्मिथला स्वतःला करता येत नाही. ते अल्केमिस्ट (किमयागार) करतो, तेही एकदा केलं की पुढच्या वेळेसाठी दिवस मोजत बसून. म्हणजे ब्लॅकस्मिथची खरी किंमत त्याच्याकडे कोणते प्लॅन्स (वस्तूंचे आराखडे) आहेत यावर. माल गिऱ्हाइकाचा, कौशल्य आपलं, मजुरी वेगळी. सर्व्हरवर आपलं नाव चार लोकांना माहीत असेल तर हा धंदा चालतो. एकटं खेळायची सवय असेल तर प्लॅन्स नुसते बघत बसायचे.

इंजिनिअरचं तसं नाही. त्याला गिऱ्हाईक लागतच नाही. आयर्न ग्रेनेड फेकला की जवळजवळचे शत्रू ३ सेकंद जागच्या जागी सुन्न. पीव्हीपीमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत, समोरचा मेज (जादूगार) स्पेल टाकत असताना ३ सेकंद म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवलंय तो इंजिनिअरिंग सोडत नाही. आणि याला क्लासचं, म्हणजे पात्राच्या प्रकाराचं, बंधन नाही. कापडी झगा घातलेल्या प्रीस्टला ब्लॅकस्मिथिंगचा जवळपास काही उपयोग नाही, ग्रेनेड मात्र त्यालाही तितकाच कामाचा.

२०० च्या पुढे इंजिनिअरला नोम की गॉब्लिन अशी शाखा निवडावी लागते. गॉब्लिनांचा जीव स्फोटकांत, नोमांचा विचित्र यंत्रांत. दोन्ही शाखांकडे टेलिपोर्टर आहेत: गॉब्लिनचा एव्हरलुक या गावी नेतो, नोमचा गॅजेटझान या गावी. नेतो, म्हणजे बहुतेक वेळा नेतो. कधी पोचता पोचता अंगाला आग लागते, कधी आभाळातून खाली पडायला होतं. मला हे बिघाडच आवडतात. ब्लॅकस्मिथची तलवार कधी त्याच्यावर उलटत नाही, पण तिची गोष्टही कुणी सांगत नाही.

इंजिनिअरिंगचा त्रासही सांगायला हवा. त्याच्या वस्तू भागांपासून बनतात आणि ते भाग आणखी भागांपासून. मिथ्रिलची केसिंग वेगळी करा, ट्रिगर वेगळा करा, त्या ट्रिगरसाठी पावडर आधी करून ठेवा. बॅगा कायम अर्धवट सामानाने भरलेल्या.

नियम म्हटला की अपवाद आलेच. इंजिनिअरने केलेला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) कुठल्याही हंटरच्या बंदुकीवर किंवा धनुष्यावर बसतो, आणि तो विकलाही जातो. फील्ड रिपेअर बॉट उभा केला की रेडमधले (मोठ्या गटाच्या मोहिमेतले) सगळेच चिलखत दुरुस्त करून घेतात. (त्याचा आराखडा ब्लॅकरॉक डेप्थ्स या भुयारात चक्क जमिनीवर पडलेला असतो.) पुढच्या एक्सपान्शनांत (गेमच्या विस्तारित आवृत्त्यांत) तर सीमारेषा बरीच पुसट झाली. २००७ च्या बर्निंग क्रूसेडमध्ये ब्लॅकस्मिथला अशी हत्यारं मिळाली जी फक्त त्यालाच बाळगता येत. २००८ च्या राथ ऑफ द लिच किंगमध्ये तो स्वतःच्या हातमोज्यांना आणि ब्रेसरना (मनगटपट्ट्यांना) जास्तीचे सॉकेट, म्हणजे रत्नं बसवायच्या खाचा, पाडू लागला. त्याच एक्सपान्शनमध्ये इंजिनिअर हातमोज्यांवर हायपरस्पीड ॲक्सिलरेटर बसवून वेग वाढवत होता. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटपासून क्राफ्टिंग ऑर्डर आल्या, म्हणजे गिऱ्हाईक गेममध्येच मागणी नोंदवतं. सामान ऑर्डरसोबतच पाठवता येतं, त्यामुळे ट्रेड चॅटमध्ये ओरडत बसायची गरज कमी झाली. तेव्हा गाइड वाचताना ते कुठल्या आवृत्तीचं आहे हे आधी बघा. क्लासिकचा सल्ला राथला लावला तर फसगत होते.

क्लासिकपुरतं मी असं सांगेन: पीव्हीपी करणार असाल तर क्लास न बघता इंजिनिअरिंग. गिल्डमध्ये (खेळाडूंच्या संघात) रमणारा, लोकांची कामं करून देण्यात आनंद मानणारा वॉरियर किंवा पॅलाडिन असाल तर ब्लॅकस्मिथिंग. सोनं कमवायचं एवढाच हेतू असेल तर दोन्ही नको. मायनिंग आणि आणखी एक गोळा करायचं प्रोफेशन घ्या, आणि सगळा माल आमच्यासारख्यांना विका.

आता माझं. दोन्ही प्रोफेशन खनिज खाणारी आणि खणणारा कुणीच नाही, त्यामुळे प्रत्येक बार ऑक्शन हाउसमधून येत होता. आयर्नपर्यंत कसाबसा तग धरला. चाळिसाव्या लेव्हलला घोडा घ्यायचं ठरलं तेव्हा थैलीत त्याच्या निम्मंही सोनं नव्हतं. शेवटी ब्लॅकस्मिथिंग सोडलं. सोडताना गेम एकदाच विचारतो, आणि हो म्हटलं की स्किल आणि शिकलेलं सगळं जातं. त्या जागी मायनिंग घेतलं, स्किल १ पासून. मिथ्रिलला हात लावायची लायकी नव्हती, म्हणून एल्विन फॉरेस्टला, नवख्यांच्या जंगलात, परत गेलो. तिथे चाळिसाव्या लेव्हलचा माझा वॉरियर एका कॉपरच्या खडकाकडे धावत होता, आणि सहाव्या लेव्हलचा एक पॅलाडिन माझ्या आधी पोचून तो खणायला लागला होता.